रिपोर्ट हातात आला, आता घरानं काय करायचं?

विदर्भातल्या गावात कॅन्सरची बातमी पुष्कळदा रिपोर्टच्या आधी पोचते. "फलाण्याच्या बापाले गाठ निघाली म्हणते," एवढं एक वाक्य पानठेल्यावरून सुटतं आणि संध्याकाळपर्यंत त्या घराच्या ओसरीवर दहा माणसं आणि बारा सल्ले जमतात. कोणी जडीबुटीवाल्याचा पत्ता देतो, कोणी उद्याच्या उद्या मुंबई गाठायला सांगतो, कोणी एकरभर विकून टाकायला सांगतो. कोणी नुसतंच डोळ्यांना पदर लावून बसतं. ज्याच्या हातात रिपोर्ट आहे त्या पोराला मात्र त्यातली एक ओळही कळलेली नसते.

हा लेख त्या पोरासाठी आहे, आणि त्याच्या आईसाठी, बहिणीसाठी. समजायला सोपं जावं म्हणून एक घर डोळ्यांसमोर धरू. यवतमाळ जिल्ह्यातलं, पाच एकर कोरडवाहू. वडील पंचावन्नचे. वीसेक वर्षांपासून खर्रा. (विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी: सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून जे तयार होतं तो खर्रा.) गालाच्या आतली जखम तीन महिने भरली नाही, शेवटी तालुक्याच्या डॉक्टरनं तुकडा काढून तपासायला लावला. घर काल्पनिक आहे. तशी खरी घरं किती, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

रिपोर्टमध्ये लिहिलंय तरी काय

शरीरातल्या पेशी सतत जुन्या होतात आणि त्यांच्या जागी नव्या येतात. किती वाढायचं आणि कुठं थांबायचं याचा हुकूम पेशीच्या आतच लिहिलेला असतो. तंबाखूतल्या रसायनांनी, काही विषाणूंनी, नाहीतर निव्वळ वयानं आणि योगायोगानं त्या हुकुमात चुका साचत गेल्या की एखादी पेशी थांबायचंच विसरते. तिची पिलावळ वाढते, तीच गाठ किंवा न भरणारी जखम. शेजारच्या भागात घुसण्याची आणि रक्तातून किंवा रसवाहिन्यांतून दूर जाऊन रुजण्याची ताकद तिच्यात आली, की डॉक्टर तिला कॅन्सर म्हणतात.

कापसातली हराळी आठवा. वरून खुडली तर आठ दिवसांत परत उभी. एका कोपऱ्यात आहे तोवर कुदळीनं खणून काढता येते. धुऱ्यापर्यंत गेली तर धुराही खणावा लागतो. शेतभर पसरली की फवारणीशिवाय गत्यंतर नसतं, आणि फवारणीचा चटका थोडाफार पिकालाही बसतो. ऑपरेशन म्हणजे ती कुदळ आणि किमोथेरपी, म्हणजे रक्तातून अंगभर जाणारं औषध, ही ती फवारणी. खणताना मुळाचा एक तुकडा राहिला तर काय होतं, हे शेतकऱ्याला शिकवायची गरज नाही. पुढच्या सगळ्या गोष्टीत एवढंच ध्यानात असू द्या.

रिपोर्टमध्ये बहुतेक वेळा 'स्क्वॅमस सेल कार्सिनोमा' असं लांबलचक नाव असतं. तोंडाच्या आतल्या अस्तराच्या पेशींचा कॅन्सर, इतकाच त्याचा अर्थ. तोंडाचे बहुतेक कॅन्सर याच जातीचे. त्याच्या पुढं ग्रेड लिहिलेली असते. पेशी मूळ रूपापासून किती बिघडल्या आहेत, हे ती सांगते. ग्रेड आणि स्टेज या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. स्टेज या कागदावर बहुधा नसतेच. ती सीटी स्कॅन किंवा एमआरआय झाल्यावर, मान चाचपून, गाठी मोजून ठरते. म्हणून पहिल्याच दिवशी "कोणती स्टेज आहे जी?" असं विचारलं आणि डॉक्टरनं उत्तर दिलं नाही, तर तो काही लपवतोय असं समजू नका.

"चौथी स्टेज, म्हणजे संपलं"

सगळ्यात जास्त घरं इथं खचतात आणि गाडी माघारी फिरवतात. म्हणून जरा सविस्तर.

तोंडाच्या कॅन्सरमध्ये जखम २ सेंटिमीटरच्या आत, उथळ आणि मानेत गाठ नसलेली असेल तर पहिली स्टेज. ४ सेंटिमीटरच्या वर गेली किंवा मानेत एक छोटी गाठ आली की तिसरी. जबड्याच्या हाडात शिरली की चौथी. पण या चौथीचे तीन भाग आहेत: ए, बी आणि सी. फुप्फुसात किंवा यकृतात, म्हणजे दूरच्या अवयवात रोग गेला असेल तर ती सी. 'चौथी ए' मध्ये आजार अजून तोंडात आणि मानेतच असतो. तिथं जबड्याचा भाग आणि मानेतल्या गाठी काढून, पायाच्या हाडाचा किंवा छातीच्या मांसाचा तुकडा लावून तोंड पुन्हा बांधतात. त्यानंतर शेक, म्हणजे रेडिएशन, देतात आणि हे सगळं रोग बरा करण्याच्या हेतूनं करतात. सोपं नसतं आणि सगळ्यांनाच यश येतं असंही नाही. पण 'चौथी ए'च्या माणसाला नुसता आकडा ऐकून घरी नेणं, हा डॉक्टरनं न दिलेला निकाल आपणच देण्याचा प्रकार आहे.

तेव्हा डॉक्टरला प्रश्न विचारायचा तो असा: "उपचार बरं करण्यासाठी आहे, की त्रास कमी ठेवण्यासाठी?" याचं उत्तर सरळ मिळतं, आणि पुढचे सगळे निर्णय त्यावरच ठरतात.

"लोखंड लागलं का पसरते"

तुकडा काढल्यानं रोग पसरतो, ही समजूत पक्की बसलेली आहे. बसली कशी, तेही पाहण्यासारखं आहे. माणूस उशिरा येतो, तेव्हा रोग आधीच मानेत उतरलेला असतो. तुकडा काढतात, रिपोर्टला आठ-दहा दिवस लागतात, मग घरात चर्चा, मग पेरणी, मग कोणाचं तरी लग्न. दोन महिन्यांनी गाठ मोठी दिसते आणि दोष सुईवर जातो. त्या दोन महिन्यांना कोणी काही म्हणत नाही.

तोंडाच्या जखमेचा तुकडा काढल्यानं कॅन्सर पसरत नाही. काही अवयवांच्या बाबतीत सुई कुठून घालायची याचे नियम असतात, म्हणून अशी तपासणी कॅन्सरचं काम जाणणाऱ्याकडेच करावी, इतकी सावधगिरी पुरे. तुकडा न तपासता कॅन्सरचा इलाज सांगणारा माणूस कितीही नावाजलेला असो, त्याच्यापासून दूर राहा.

"मागच्या जन्मीचं काही असेल"

याचं उत्तर मी विज्ञानातून देणार नाही. ते आपल्या मातीतच आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांना कॅन्सर झाला होता. त्यातच ११ ऑक्टोबर १९६८ रोजी गुरुकुंज मोझरीला त्यांनी देह ठेवला. कॅन्सर ही पापाची शिक्षा असेल, तर महाराजांनी कोणतं पाप केलं होतं? नागपुरातल्या विभागीय कॅन्सर हॉस्पिटलला आज त्यांचंच नाव आहे.

करणी, नजर, घराण्याचा दोष हे सगळं याच पेटीत टाका. एक गोष्ट खरी की खर्ऱ्यानं रोगाला वाट करून दिली. पण ते बापाला दिवसातून चार वेळा ऐकवून काय साधतं? त्याला ते तुमच्याआधीच कळलेलं असतं. खर्रा मात्र आजच सुटायला हवा, कारण उपचार चालू असताना तंबाखू सुरू राहिला तर उपचाराचा गुण कमी येतो, जखमा उशिरा भरतात आणि दुसरा कॅन्सर होण्याचा धोका राहतो. भेटायला येणाऱ्या पाव्हण्याचा खिसा तपासायची वेळ आली तरी लाजू नका. "एवढा एक खाऊ द्या बावा, आता काय ठेवलं," म्हणणारा माया करत नसतो.

श्रद्धा कुठं कामी येते

डॉक्टर मंडळी या विषयावर गप्प बसतात आणि बुवा मंडळी फार बोलतात. माझं मत असं आहे की घराची श्रद्धा मोडायला जाऊ नये. तिला काम द्यावं.

शेगावला गजानन महाराजांच्या पायी जाण्याचा नवस बोलला असेल तर फेडावाच, पण आजाऱ्यानं नव्हे, आणि उपचार चालू असताना नव्हे. किमोनंतर साधारण दुसऱ्या आठवड्यात रक्तातल्या पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली असतात. तेव्हा गर्दीतला साधा सर्दी-खोकलाही महागात पडतो. गुरुवारचा उपवासही तसाच. तोंडाच्या रुग्णाला आधीच गिळवत नाही, वजन रोज उतरत असतं. त्याचा उपवास घरातल्या धडधाकट माणसानं धरावा आणि त्याच्या ताटात अंडं, डाळ, दूध, शेंगदाण्याचं कूट जाऊ द्यावं. देव याला हरकत घेईल असं वाटत नाही. अंगारा कपाळाला लावा. तोंडातल्या जखमेवर लावू नका. काढा किंवा जडीबुटी पोटात घ्यायची असेल तर डॉक्टरला सांगितल्याशिवाय नको, कारण काही वनस्पतींचा यकृतावर भार येतो आणि किमोची औषधंही त्याच रस्त्यानं जातात.

अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी हे कोडं फार पूर्वी सोडवून ठेवलं होतं. कीर्तनात नवससायासाची, बोकड कापण्याची, कर्ज काढून जेवणावळी घालण्याची ते टर उडवायचे, आणि त्याच तोंडानं 'गोपाला गोपाला देवकीनंदन गोपाला' म्हणायचे. लोकांनी दिलेल्या पैशातून धर्मशाळा बांधायचे. त्यांच्या दशसूत्रीत रोग्यांना औषधोपचार देणं हा देवधर्मच आहे. मुंबईत दादरला त्यांच्या नावानं चालणाऱ्या धर्मशाळेत आजही टाटा हॉस्पिटलात आलेली गावाकडची कॅन्सरची माणसं उतरतात.

आता हे आपल्या गावात आणून पाहा. बऱ्याच गावांत तुकडोजी महाराजांच्या श्रीगुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होते. प्रार्थना झाली की मंडळी घरी जातात. त्याआधी दहा मिनिटं बसून कोणाचा रक्तगट कोणता याची यादी केली, ऑपरेशनच्या दिवशी नागपूरला कोण जाणार ते ठरवलं, आणि त्या घराच्या कापसाची वेचणी दोन दिवसांत उरकून दिली, तर? पाव्हण्यांनी बिस्किटाचे पुडे आणण्यापेक्षा दोन दिवस म्हशीचं दूध काढून द्यावं. उपचार का अर्धवट राहतात हे बघितलं तर हा सल्ला भाबडा वाटणार नाही.

शेक मध्येच का सोडायचा नसतो

रेडिएशनला लोक 'शेक' किंवा 'लाइट' म्हणतात. मशिनमधून नेमक्या जागी किरण सोडून रोगाच्या पेशी मारतात. तोंडाच्या रुग्णाला तो सोमवार ते शुक्रवार, रोज, सहा-सात आठवडे असतो. मशिनखाली वेळ जातो काही मिनिटांचाच, आणि दुखतही नाही. तिसऱ्या आठवड्यापासून मात्र तोंड आतून सोलवटतं, चव जाते, लाळ आटते.

आपल्या घरातल्या वडिलांचं ऑपरेशन श्रावणात झालं आणि शेक दिवाळीच्या तोंडावर चालू झाला, असं धरा. तोंड सोललेलं, शेतात कापूस फुटलेला, पोराचं लक्ष घरी आणि सण चार दिवसांवर. "दोन आठवडे घरी जाऊन येतो, मंग उरलेला घेतो." असंच होतं. सोडताना कुणाला आपण उपचार सोडतोय असं वाटतही नाही. पण त्या दोन आठवड्यांत उरलेल्या पेशी पुन्हा जोमानं वाढतात, आणि नंतर तेवढाच शेक दिला तरी आधीइतका गुण येत नाही. डोके-मानेच्या कॅन्सरमध्ये उपचार लांबला की रोग हाताबाहेर जाण्याची शक्यता वाढते, हे डॉक्टरांना चांगलं ठाऊक आहे. आपल्याला ते कोणी समजावून सांगत नाही.

म्हणून शेक सुरू होण्याआधीच तीन बंदोबस्त करून ठेवा. राहायची जागा पहिली. रोज यवतमाळहून नागपूर जमणार नाही. सरकारी रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवा अधीक्षक असतात, त्यांना विचारा. जवळपासच्या धर्मशाळा आणि कमी पैशातल्या खोल्या त्यांना माहीत असतात. दुसरं, दात. किडलेले दात शेकाआधीच काढून घ्यावे लागतात. शेक बसलेल्या जबड्यातला दात नंतर काढला तर हाडाची जखम भरता भरत नाही. आणि शेत कोण बघणार, हे तोंडी नाही तर नावानिशी ठरवा.

शेक घेऊन आलेल्या माणसाच्या अंगातून किरण निघत नाहीत. नातू मांडीवर बसू शकतो. कॅन्सर लागटही नाही. ताट-पेला वेगळा काढलेली घरं मी पाहिली आहेत. त्यात काळजी असते खरी, पण ज्याचा पेला वेगळा होतो त्याला ती काळजी वाटत नाही.

किमो असेल तर घरात तापमापी हवी. १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्यावर ताप गेला तर ताप उतरायची गोळी देऊन सकाळची वाट पाहायची नाही. रात्रीच हॉस्पिटलला फोन करा आणि निघा. गाडी नसेल तर १०८.

पैशाचं काय

शेताचा सौदा करायच्या आधी रेशनकार्ड शोधा.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी या नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात अमरावती आणि गडचिरोली होते. आता ती आयुष्मान भारतला जोडलेली आहे. रेशनकार्डाचा रंग कुठलाही असो, कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. कॅन्सरचं ऑपरेशन, किमो आणि शेक तिन्ही त्यात येतात. अट एकच, हॉस्पिटल योजनेत असलं पाहिजे. तिथं 'आरोग्यमित्र' नावाचा माणूस टेबल टाकून बसलेला असतो. डॉक्टरच्या आधी त्याला भेटलात तरी हरकत नाही. शंका असेल तर १५५३८८ वर फोन करा. रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव वेगवेगळं असेल तर ते आजच दुरुस्तीला टाका, पुष्कळांची गाडी इथंच अडते. निदान पक्कं होण्याआधीच्या तपासण्यांचा खर्च बहुधा खिशातून जातो, तेवढी तयारी ठेवावी.

मुंबईलाच जावं लागतं, हाही एक समज. नागपुरात मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल), एम्स, तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आणि जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे. वर्ध्याला सेवाग्राम आणि सावंगीची हॉस्पिटलं आहेत. टाटाला जायचंच असेल तर रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री एसीला पूर्ण सवलत आहे, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के. त्यासाठी हॉस्पिटलचा ठरलेला फॉर्म लागतो. एसटीतही सवलत आहे. पण सात आठवड्यांचा शेक घराजवळ घेता येत असेल तर घराजवळच घ्यावा. नाव मोठं म्हणून मुंबईला गेलेला आणि राहायला जागा नाही म्हणून तिसऱ्या आठवड्यात परतलेला माणूस दोन्हीकडून गेला.

"आबाजीले सांगू नका, थे ऐकूनच जाईन"

सांगावं. एकदम नाही, त्यांना हवं तेवढं, त्यांच्या भाषेत. त्यांना आधीच संशय आलेला असतो. घर कुजबुजतं आणि आपण आत गेलो की गप्प होतं, हे न कळायला ते काही लहान नाहीत. न सांगता नेलेल्या माणसाला रोज मशिनखाली का जायचं तेच कळत नसतं, मग तो शेक सोडतो. सांगितलेल्या माणसाला निदान पीककर्ज, पोरीच्या लग्नाचं, सातबाऱ्यावरच्या नावाचं बोलून घेता येतं.

रोग बरा होणार नाही असं ठरलं तर उपचार थांबत नाही, बदलतो. दुखणं, दम, उलटी, झोप याकडे पाहणाऱ्या शाखेला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. तिथं मॉर्फिनच्या गोळ्या मिळतात. त्यानं व्यसन लागेल म्हणून घरचे घाबरतात. डॉक्टरनं मोजून दिलेल्या मॉर्फिननं कॅन्सरचा माणूस व्यसनी होत नाही, रात्री झोपतो. पोथी ऐकायची, भजन म्हणायचं, नातवंडांशी बोलायचं तर आधी दुखणं थांबलं पाहिजे.

आणि घरातले बाकीचे

उपचार पूर्ण झाले तरी फाईल माळ्यावर टाकायची नाही. तोंडाचा कॅन्सर उलटला तर बहुधा पहिल्या दोन वर्षांत उलटतो, म्हणून त्या काळात तपासणीच्या तारखा जवळजवळच्या असतात. बरं वाटतं म्हणून त्या चुकवू नयेत.

त्याच घरात पोरगाही खर्रा खातो आणि आई मिश्री लावते, असं निघतं. तीस वर्षांवरच्या सगळ्यांची तोंडाची, आणि बायकांची स्तनाची व गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी सरकारी उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट होते. आशाताईला विचारा, फॉर्म तीच भरते. तोवर घरी आरशासमोर एवढं करून पाहा. तोंड उघडून आपलीच तीन बोटं उभी आत जातात का? जात नसतील, तिखट झोंबत असेल, गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा असेल, किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तर बापाच्या पुढच्या तारखेला त्यालाही सोबत घेऊन जा.